कोपऱ्यातला धागा

"मणी, काही काळजी करू नकोस. धागा मी घातलाय," पोशव्वामावशी फोनवर म्हणाली.

मी पुण्यात होते, आरोग्य खात्याच्या खरेदी कार्यालयाच्या जिन्यात. नमुना खिडकीत देऊन नुकतीच बाहेर आले होते आणि टोकनाची चिठ्ठी अजून हातातच होती. "कसला धागा, मावशी?"

"त्या नमुन्याच्या चादरीला गं. काल इस्त्री करताना कोपरा उलटला तर आत धागाच नाही. म्हटलं, पोरगी गडबडीत विसरली. मग माझा पिवळा घातला. चांगला दुमडीच्या आत, दोन टाके."

मी पायरीवरच बसले. जिन्यातून वर जाणारा एक साहेब माझ्याकडे बघून वळसा घालून गेला.

"मावशी, तो मी मुद्दाम काढला होता."

"मुद्दाम? ते कशाला? बिनधाग्याची चादर म्हणजे बेवारशी. उद्या कुणी पण म्हणेल माझी." यात काय बिघडलं ते तिला खरंच कळत नव्हतं. "बरं ठेवते. मिळालं की लगेच फोन कर. बाया हात जोडून बसल्यात इथं."

आता हा धाग्याचा प्रकार सांगायला हवा. सोलापुरात आमची शिलाईची शेड, आम्ही चौदा बाया. पगार नाही, नगावर मजुरी. सगळ्यांचा माल एकाच ढिगात पडतो, मग कुणाचे किती नग हे कळणार कसं? म्हणून प्रत्येकीचा एक रंग. चादरीच्या एका कोपऱ्यात, दुमडीच्या आतल्या अंगाला, आपल्या रंगाच्या धाग्याचे दोन टाके. पोशव्वाचा पिवळा, माझा निळा. मोजणी झाली की कात्रीनं धागा कापायचा आणि माल बाहेर. एखादी काम सोडून गेली की तिचा रंग नव्या बाईला. मोजणीआधी धागा गेला तर आमच्यात झिंज्या धरण्यापर्यंत भांडणं व्हायची. त्यामुळं पोशव्वानं केलं ते तिच्या लेखी चांगलंच केलं होतं. बिनधाग्याची चादर बघून तिचा हात आपसूक सुईकडं गेला असणार.

पण सरकारची अट बरोब्बर उलटी. नमुने समितीपुढं जातात ते नावानं नाही, अ, ब, क अशा अक्षरांनी. कुणाचा कुठला हे साहेबांना कळू नये म्हणून नमुन्यावर कसलीही ओळखीची खूण नको. शिक्का नको, लेबल नको, भरतकाम नको. खूण सापडली की नमुना बाद. नमुना बाद झाला की तुमच्या दराचं पाकीट उघडतसुद्धा नाहीत. पुणे विभागातल्या सरकारी दवाखान्यांतल्या खाटांवर घालायच्या पांढऱ्या चादरींचं ते टेंडर होतं आणि आमच्या बचत गटानं पहिल्यांदाच स्वतःच्या नावानं भरलं होतं. मी ती अट सात वेळा वाचली होती. स्वतःच्या हातानं धागा काढला होता. आणि आता तो परत आत होता.

मी उठले आणि धावतच खिडकीशी गेले. तिथं गवंडे नावाचे कारकून बसायचे. चष्मा कपाळावर, समोर दोरीनं बांधलेले नमुन्यांचे पुडे.

"साहेब, माझा पुडा जरा परत द्या ना. इस्त्री मोडलीय, घडी सारखी करून देते."

"टोकन पडलं का?"

"पडलं."

"मग तो आता सरकारचा." त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "इस्त्रीला मार्क नसतात, बाई. जा, बसा."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"मी तुम्हाला दोन मिनिटं दिली की मागचे दहा जण दोन-दोन मिनिटं मागतील. आणि मग संध्याकाळी माझीच चौकशी लागेल." मग माझं तोंड बघून त्यांना थोडी दया आली असावी. "पाणी प्या. तिकडं कूलर आहे."

माणूस चुकीचं काही बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. मी कूलरपाशी गेले, पाणी प्यायले नाही, परत आले, परत गेले. बूड टेकेना. कॉरिडॉरमध्ये बाकडी होती, त्यांवर टेंडरवाले पाय ताणून बसले होते, कुणी पेपर वाचत होतं, कुणी पेंगत होतं. कूलर ते खिडकी, खिडकी ते कूलर, अशा माझ्या किती खेपा झाल्या कोण जाणे.

"काय गं मणी, काय हरवलं?"

काळदाते शेठ. पांढरा सफारी, हातात चहाचे दोन कप. एक त्यांनी माझ्यापुढं धरला.

आता यांच्याबद्दल सांगते. विश्वंभर काळदाते, सरकारी पुरवठादार. एवढी वर्षं हॉस्पिटलच्या चादरींची ऑर्डर त्यांच्या नावानं निघायची आणि शिवायचो आम्ही. त्यांच्याकडं शिलाई मशीन एक नव्हतं. सरकारकडं दिलेल्या कागदात मात्र त्यांचा भलामोठा कारखाना होता. आमचं नाव कुठंच नव्हतं. तोंडानं माणूस गोड. सणासुदीला बायांना मिठाई, कुणी आजारी असेल तर विचारपूस. मला तर मुलीसारखं वागवायचे, निदान सगळ्यांसमोर.

पण एका गोष्टीनं माझं त्यांच्यावरून मन उडालं होतं. माझी मोठी जाऊ, सत्यव्वा. लग्न होऊन आले तेव्हा मला साधं बटण लावता येत नव्हतं. मशीनवर बसवलं, पाय मारायला शिकवलं, बोटात सुई गेली तेव्हा ती काढून वर एक थोबाडीत दिली, सगळं तिनं. शेडमध्ये तिच्यासारखा कोपरा कुणी शिवत नसे. कोपऱ्याची दुमड अशी घालायची की टाका कुठं सुरू झाला आणि कुठं संपला ते हाताला लागायचं नाही. आम्ही सगळ्यांनी नक्कल करून बघितली, नाही जमली.

या टेंडरच्या तीन वर्षं आधी काळदाते एका दुपारी शेडमध्ये आले आणि सगळ्या बायांच्या देखत म्हणाले, "सत्यव्वा, तुझा लॉट सरकारनं नापास केला. कोपरे ढिले निघाले. सगळ्या चादरी कापून फडकी केली त्यांनी. आता काय करू मी?"

सत्यव्वा मशीनवरून उठली. "एक तरी दाखवा, शेठ. कुठं ढिला आहे ते बघते."

"फडकी बघून काय करणार? वय झालं तुझं. डोळे तपासून घे."

ती मजुरी गेली ते गेलीच. त्याचं तिला काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं मशीनवर कापड घातलं आणि विडीचं सूप मांडीवर घेतलं. सोलापुरात बायांना दुसरं काय आहे? तेव्हापासून ती विड्या वळत होती. शेडकडं फिरकत नव्हती. मी नवी चादर दाखवायला नेली तर हातात घ्यायची नाही. "माझं नापास झालेलं डोकं कशाला खातीस," म्हणायची. मला त्या माणसाच्या हाताखालून बायांना काढायचं होतं ते यामुळं. हे टेंडर मिळालं असतं तर शेड आमची, नाव आमचं. नाहीतर पुन्हा त्यांच्याच दारात उभं राहायचं होतं.

"काही नाही शेठ," मी म्हटलं. "पहिलीच वेळ आहे ना. जीव थाऱ्यावर नाही."

"होतं असं." त्यांनी चहाचा घोट घेतला. नजर मात्र माझ्यावरून खिडकीवर आणि खिडकीवरून परत माझ्यावर. "गवंडेकडं पुडा परत मागत होतीस म्हणे."

"इस्त्री मोडली होती."

"हां. इस्त्री," ते म्हणाले आणि हसले. तेवढ्यात आत बोलावलं.

आत एक लांब टेबल. मध्ये परुळेकर मॅडम, उपसंचालक. केस पिकलेले, आवाज अगदी हळू, त्यामुळं सगळ्यांना गप्प बसूनच ऐकावं लागायचं. बाजूला दोन साहेब. समोर खुर्च्यांवर आम्ही तिघे टेंडरवाले, मी, काळदाते आणि इचलकरंजीचा एक मुलगा. टेबलावर तीन चादरी, एकावर एक नाही, शेजारी शेजारी. प्रत्येकीवर कागदाचा तुकडा: अ, ब, क. मधली माझी. मी तिच्यावरून नजर काढायचं ठरवलं आणि नजर पुन्हा पुन्हा तिथंच जात होती.

मॅडमनी ताणून बघितलं, उजेडात धरून वीण बघितली. एका साहेबानं मोजपट्टी लावली. 'अ' ठीक, 'ब' ठीक. "ब चांगली आहे," मॅडम म्हणाल्या तेव्हा माझे कान गरम झाले. मग त्यांनी 'क' घेतली. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, थांबल्या, परत फिरवला.

"ही शिलाई बघा," त्या शेजारच्या साहेबांना म्हणाल्या. "टाका कुठून सुरू झाला तेच सापडत नाही. मी नखानं बघतेय. इतक्या वर्षांत असा कोपरा बघितला नाही मी."

काळदाते मान डोलवत होते. म्हणजे 'क' त्यांची. कुठून आणली यांनी शिवणारी? आम्हाला सोडून अशी कोण भेटली? शिवणकामाचा हेवा वाटण्यासारखी जागा ती नव्हती, पण वाटला.

"तिन्ही नमुने पात्र," मॅडम म्हणाल्या. "दुपारी दर उघडू."

मी श्वास सोडला. बहुतेक तो जरा मोठ्यानंच सोडला, कारण काळदात्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग शांतपणे हात वर केला.

"मॅडम, एक विनंती. 'ब' नमुन्याचे कोपरे आतून उलटून बघावेत. खूण असण्याची शक्यता आहे."

त्यांना आमच्या बायांची सवय ठाऊक होती. माझ्या खेपांवरून आणि माझ्या नजरेवरून बाकीचं त्यांनी जुळवलं. साहेबांनी पहिला कोपरा उलटला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्यात पोशव्वाचा पिवळा धागा, दोन टाके, छान घट्ट. मला तेव्हा हसू आलं की रडू ते सांगता येणार नाही.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं. मी उत्तर देणार तोच त्याच म्हणाल्या, "थांबा. एकाचे कोपरे बघितले तर सगळ्यांचे बघायला हवेत. 'अ' उलटा. 'क' पण."

"माझी काही हरकत नाही," काळदाते म्हणाले. त्यांच्याकडं माल जायचा तो धागा कापूनच, म्हणून आरामात बसून राहिले.

'अ'मध्ये काही निघालं नाही. 'क'चा पहिलाच कोपरा साहेबांनी उलटला आणि आत हिरवा धागा होता.

पोपटी नाही, गडद हिरवा. दोन टाके, आणि त्यांना एक छोटी आडवी गाठ. अशी आडवी गाठ एकच बाई मारायची. आमच्यात हिरवा रंग सत्यव्वाचा होता.

खोलीत कोण काय बोललं ते मला काही क्षण कळलंच नाही. ती चादर मी बघत होते. कापून फडकी केली होती म्हणे. नापास झाली होती म्हणे. आणि धागा अजून आत होता, कारण घाई आहे म्हणून शेठनं तो लॉट मोजणीआधीच उचलून नेला होता. मोजणी झाली असती तर कात्री लागली असती. ह्या माणसानं तिचा माल कुठंतरी विकला होता आणि त्यातली उत्तम चादर नमुन्यासाठी जपून ठेवली होती. सत्यव्वा तिकडं विड्या वळत होती.

"मॅडम, हे असले धागे शिवताना अडकतात," काळदाते उठून बोलत होते. आवाज अजून गोडच होता. "त्याला काही अर्थ नसतो. उगाच बारीकसारीक काढत बसायला नको. मी माझी हरकत मागे घेतो."

परुळेकर मॅडमनी 'क'चा उलटलेला कोपरा तसाच धरून ठेवला. मग माझ्याकडं वळल्या. "तुम्ही स्वतः शिवता?"

"हो."

"मग तुम्ही सांगा. हा धागा अडकलेला आहे की ही खूण आहे? अडकलेला असेल तर दोन्ही नमुने राहतील. खूण असेल तर दोन्ही बाद. मी तुमचं म्हणणं नोंदवून घेईन."

काळदाते खुर्चीत बसता बसता माझ्या बाजूला झुकले. "अडकलाय म्हण, मणी. दोघंही राहू. दरात कोण खाली ते नशीब."

नशिबाचं काही नव्हतं. माझा दर खाली होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. मध्ये खाणारं कुणी नव्हतं ना. एक शब्द बोलायचा होता, अडकलाय. संध्याकाळी पोशव्वाला फोन केला असता आणि बायांनी शेडमध्ये गुलाल उधळला असता. तिथून पुढं काळदात्यांचं तोंडसुद्धा बघायला लागलं नसतं.

पण मग तो हिरवा धागा अडकलेला ठरत होता. सत्यव्वाचे दोन टाके आणि आडवी गाठ, कुठून तरी उडून आलेला कचरा. आणि ती चादर सरकारी कागदात कायमची काळदात्यांची. तेही मीच सांगितलं म्हणून, जिला तिनं बटण लावायला शिकवलं. माझ्या जिभेला तो शब्द येईना. बाया डोळ्यांपुढं होत्या, त्यांची पोरं डोळ्यांपुढं होती, तरी येईना.

"खूण आहे," मी म्हटलं.

"मणी," काळदाते म्हणाले.

"दोन्ही खुणाच आहेत, मॅडम. पिवळा आमच्या पोशव्वाचा. चुकून राहिला, चूक आमची, आमचा नमुना बाद करा. आणि हिरवा माझ्या जावेचा, सत्यव्वाचा. ती चादर तिनं सोलापुरात आमच्या शेडमध्ये शिवलीय. यांनी आम्हाला सांगितलं होतं की तुम्ही ती नापास करून कापून टाकलीत."

"आम्ही?" मॅडम म्हणाल्या.

"तुमच्या खात्यानं. कोपरे ढिले म्हणून."

मॅडमनी 'क' चादर पुन्हा जवळ ओढली आणि तोच कोपरा पुन्हा अंगठ्यानं चाचपला. मग अगदी हळू आवाजात काळदात्यांना विचारलं, "माल स्वतःच्या कारखान्यात शिवतो असं शपथपत्र दिलंय तुम्ही. कारखाना कुठं आहे?"

त्यावर त्यांनी काय उत्तर दिलं ते मी ऐकलं नाही. मला बाहेर जायला सांगितलं होतं. गवंड्यांनी टोकन परत घेतलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पाणी प्यायलात का शेवटी?" तेव्हा कुठं मी कूलरपाशी जाऊन पाणी प्याले. घटाघटा दोन ग्लास.

परतीच्या बसमध्ये मी स्वतःला शिव्या घालत बसले होते. काय मिळवलंस? चौदा घरं टांगलीस एका धाग्यासाठी. भिगवण गेलं, इंदापूर गेलं, पोशव्वाचा फोन चार वेळा वाजला आणि मी उचलला नाही. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, बरं नाही का वाटत.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सत्यव्वा ओट्यावर बसली होती, मांडीवर सूप, बोटं चालू. मी चपला काढायच्या आत तिनं विचारलं, "मिळालं?"

"नाही."

"मला वाटलंच." बोटं थांबली नाहीत. "त्या शेठपुढं कुणाचं चालतंय."

"त्यांचाही नमुना बाद झाला, अक्का. त्यात हिरवा धागा निघाला. आडव्या गाठीचा."

बोटं थांबली. तिनं मान वर केली नाही. "ते सगळं कापलं होतं."

"कापलं नव्हतं. नापासही झालं नव्हतं. तिथल्या मॅडमनी तुझा कोपरा नखानं तपासला. टाका कुठून सुरू होतो ते त्यांना सापडलं नाही. म्हणाल्या, इतक्या वर्षांत असा कोपरा बघितला नाही. त्यांना कुणाचा आहे ते ठाऊक नव्हतं तेव्हा म्हणाल्या."

मी तिच्या शेजारी टेकले आणि सगळं सांगितलं, पोशव्वाच्या फोनपासून. एका शब्दात टेंडर मिळत होतं, हेही सांगितलं. ते ऐकून मात्र ती उसळली.

"आणि तू घालवून आलीस? खुळी आहेस का तू? अडकलाय म्हणायला काय झालं होतं? माझं मेलं आता काय राहिलंय? त्या बायांना तोंड कसं दाखवणार आहेस उद्या?" मराठीत पुरेना म्हणून ती आमच्या घरच्या तेलुगूवर आली. लग्नाच्या वेळच्या माझ्या न लावता येणाऱ्या बटणापासून सगळं काढलं. मी ऐकून घेतलं. तिचं खरंच होतं. याला आता बरीच वर्षं झाली, काळदाते काळ्या यादीत गेले, एकच नमुना उरला म्हणून फेरनिविदा निघाली ती दुसऱ्याच कुणाला मिळाली, आमचा नंबर लागायला पुढं दीड वर्ष गेलं आणि त्या दीड वर्षात दोन बाया शेड सोडून गेल्या. त्यांची आठवण आली की अजूनही माझी झोप उडते.

त्या संध्याकाळी सत्यव्वाचा आवाज शेवटी बसला. तिनं पदरानं तोंड पुसलं. सुपातली तंबाखू डब्यात ओतली, पानं फडक्यात गुंडाळली आणि सूप भिंतीला उभं करून ठेवलं.

"माझा रंग कुणाला दिलास?" तिनं विचारलं.

"कुणालाच नाही."

"तीन वर्षं?"

"कपाटात वरच्या फळीवर आहे. नवं रीळ आहे, सील फोडलेलं नाही."

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, पायात चपला सरकवल्या आणि माझ्यापुढं हात केला. मी तिच्या हातावर शेडची किल्ली ठेवली.